बाळंतिणीच्या खोलीतले आकडे

त्या थंडीत ताईचा श्वास मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच होते. पहिलीपासून मी उमरग्याच्या इंग्रजी शाळेत बसने जाऊन-येऊन शिकले. त्यामुळे औषधाच्या खोक्यावरचं, बँकेच्या पत्रातलं, मोबाईलवरचं जे काही वाचायचं असेल ते माझ्यापुढे येतं. बोलायचं काम सहसा येत नाही. ते मला जमत नाही हे घरच्यांना ठाऊक आहे.

यंत्र मोबाईलपेक्षा थोडं जाड होतं. वरच्या बाजूला कागदाची नळी खोचायची. ताईनं छाती भरून श्वास घ्यायचा, यंत्र पंधरा वेळा टिकटिक करेपर्यंत रोखून धरायचा आणि मग पोट आत जाईस्तोवर सावकाश फुंकायचं. पडद्यावर एक आकडा यायचा. तो वहीत लिहायचा आणि संध्याकाळी सोलापूरच्या डॉक्टरांना पाठवायचा.

ताईला सिकलसेल आहे. आमच्या भागात हे नाव कळायला उशीर लागतो. ती दहावीला जाईपर्यंत तिच्या हातापायांच्या दुखण्याला सगळे संधिवात म्हणत. डॉक्टरांनी मला कागदावर एक गोल काढून दाखवला, मग त्याच्या शेजारी एक विळा. तांबड्या पेशी गोल असायला हव्यात, ताईच्या विळ्यासारख्या वाकतात, शिरांमध्ये अडकतात आणि लवकर मोडतात. पेशी मोडली की कणभर कार्बन मोनॉक्साईड तयार होतो आणि तो श्वासावाटे बाहेर पडतो. आकडा जितका मोठा तितकं आत रक्त मोडतंय. सुई न टोचता हे घरच्या घरी कळतं का, हे त्यांना पाहायचं होतं. ताईच्या शिरा कधी सापडत नाहीत. एका वेळी चार-चार ठिकाणी टोचून घेतलेली ती, लगेच हो म्हणाली.

तिचा नेहमीचा आकडा पाच किंवा सहा. तो सलग दोन दिवस दहाच्या वर राहिला तर लगेच फोन करायचा. बाळंतपणानंतर असं रक्त एकदम उतरू शकतं, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.  त्यात जीवही जाऊ शकतो, हे मला न सांगता कळलं.

सोबत इंग्रजीत एक फॉर्म होता. त्यात एक प्रश्न होता, 'एक्स्पोजर टू स्मोक'. मी आईला विचारलं, "घरात कोणी ओढतं का?"

"आपल्या घरात बिडीला कोण शिवलंय गं कधी?" आई म्हणाली.

मी 'नो'च्या चौकटीत टिक केली.

सोलापूरच्या दवाखान्यात ताईला मुलगा झाला. सहाव्या दिवशी ताई त्याला घेऊन आमच्याकडे आली. आमचं गाव लोहारा तालुक्यातलं, भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. घरं सगळी एकसारखी, स्लॅबची. मधली खोली ताईला दिली. आईनं खिडकी लावून घेतली, दाराला गोधडी टांगली, ताईच्या कानाला फडकं बांधलं आणि उशाखाली लोखंडी विळा ठेवला. बाळंतिणीजवळ लोखंड लागतंच.

अंग चोळायला गल्लीतली एक मावशी यायची. तिचं तोंड हातांपेक्षा जास्त चाले. विळा बघून म्हणाली, "अगं बाई, रक्तात इळा अन् उशाखाली बी इळा. ज्वारी काढायलाच बसवा हिला."

ताई हसली. मी यंत्र काढलं तर मावशी माझ्याकडे वळली.

"हे काय मोजती गं तू?"

"श्वास."

"श्वास मोजायला काय पायली हाय का?" तेलाचा हात पदराला पुसत ती आईला म्हणाली, "दर्ग्यात मुजावर फुंकतो अन् दुखणाईत बरं हुतं. तुमच्यात दुखणाईतच फुंकतंय. सगळं उलटंच हाय बया तुमचं. अन् ही धाकटी, हिला इंग्रजी शाळंत मुकी करूनच पाठवली व्हय?"

ताईला इतकं हसू आलं की श्वास रोखता येईना. त्या दिवशी तीनदा फुंकावं लागलं. आकडा सहा होता.

अंघोळीनंतर धुरी असायची. पाटीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं. त्या धुरीवर आई बाळाला आडवं धरून हलवायची. नंतर निखाऱ्यांची शेगडी ताईच्या बाजेखाली सरकवायची आणि दार ओढून घ्यायची. ओवा जळून गेला की डोळ्यांना काहीच दिसायचं नाही, नुसती ऊब राहायची. ताई त्या उबेची वाट बघायची. थंडीत तिची हाडं ठणकतात, कधी कधी ती उशी तोंडात धरून रडते. शेगडी आली की तिचा चेहरा सैल व्हायचा. "आता कोणी काही बोलू नका," असं म्हणून ती डोळे मिटायची. मी कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसायची, दोघांवर लक्ष ठेवायला.

चार दिवसांनी आकडा आठ झाला. मग नऊ.

त्याच सुमारास खोलीत काहीतरी वेगळं वाटू लागलं. मला ते नीट सांगता येणार नाही. दुपारी बारा-एकचा सुमार, बाहेर लख्ख ऊन, शेजारी मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज. पण दाराच्या गोधडीच्या आत आलं की ते सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं व्हायचं. डोकं जड व्हायचं. कपाळाच्या आत कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं. मला वाटायचं, मोबाईल फार बघितला.

एका दुपारी मला फुंकल्याचा आवाज आला. निखारा फुलवायला फुंकतात तसा, हळू, लांब. ताई झोपलेली होती. बाळ झोपलेलं होतं. आई माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं. मी शेगडीकडे बघितलं. निखाऱ्यांवरची राख हलली नव्हती.

 तेवढ्यात आईच म्हणाली, "कोण फुंकलं गं इस्तू?"

"मी नाही."

 दुसऱ्या दिवशी दाराला लिंबू आणि बिब्बा बांधलेला दिसला. आईचं म्हणणं होतं, कोणीतरी बाळंतिणीच्या मागं लागलंय. खोलीला छताजवळ एक झरोका होता, सिमेंटच्या जाळीचा. तिथून उजेडाचा एक पट्टा भिंतीवर पडायचा. आईनं स्टुलावर चढून त्यात पोतं कोंबलं. "वाट ठिवायची न्हाय," म्हणाली. शेगडीत निखारे वाढले. सकाळचा शेक दुपारपर्यंत चालायचा तो आता दिवे लागेपर्यंत चालू लागला, आणि मध्येच दोनदा नवे निखारे यायचे.

आकडा अकरा झाला.

"कितीय?" ताईनं विचारलं. मी यंत्र तिच्याकडे वळवलं. तिनं ते बराच वेळ बघितलं. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर असतोच, त्या अंधारात जास्तच वाटला.

"नऊ लिही," ती म्हणाली.

"ताई."

"परत नेतील. पिशव्या लावतील रक्ताच्या. हा इथं बाटलीवर राहील." तिनं बाळाच्या पोटावर हात ठेवला. "अजून त्याला नीट ओढताच येत नाही. चार दिवस जाऊ दे. लिही नऊ."

मी नऊ लिहिलं. आयुष्यात मी फार कमी खोटं बोलले आहे, कारण बोलतेच कमी. लिहिताना मात्र सोपं गेलं. पुढच्या दिवशी चौदा आला आणि मी परत नऊ लिहिलं.

बाळ रडायचं बंद झालं होतं. म्हणजे कुरकुरायचं, पण तोंड उघडून रडायचं नाही. दूध दोन-चार घोट घ्यायचं आणि ताईच्या छातीवरच डोळे मिटायचं. शेजारच्या बाया बघायला यायच्या आणि म्हणायच्या, किती गुणी लेकरू, आईचं दुखणं कळतंय त्याला. ताईला बरं वाटायचं. फक्त मावशी एकदा त्याच्या पायाला तेल लावता लावता थांबली. "जोर न्हाय गं ह्याला," म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं एकही चेष्टा केली नाही.

त्यानंतरच्या सकाळी ताईला उठून बसताना भोवळ आली. शेगडी आधीच आत आली होती. आईनं तिला धरलं. मी यंत्र पुढे केलं. ताईनं श्वास भरला, पण पंधरापर्यंत रोखता आला नाही, अकराव्या टिकटिकीला सुटला. दुसऱ्यांदा कसाबसा जमला.

एकोणीस.

"मशीन बिघडलंय," ताई म्हणाली. तिचा आवाज झोपेतल्यासारखा होता. "तू फुंक बरं. तुझा एक आला पाहिजे. डॉक्टर म्हणले होते ना, चांगल्या माणसाचा एक-दोन असतो."

मी नळी बदलली आणि फुंकलं. माझ्या श्वासाचा आकडा बारा आला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते आजही मी कोणाला सांगितलेलं नाही. हा आजार रक्तातून येतो. आई-पप्पा दोघेही वाहक आहेत, मलाही हा आजार असू शकतो, पण माझी तपासणी मी टाळत आले होते. मला वाटलं, माझ्यातही सुरू झालं. आत पेशी मोडताहेत आणि मला ऐकू येत नाही. मी स्वतःच्या मनगटाकडे बघत बसले.

"मला दे," आई म्हणाली. तिनं चूल फुंकतात तसं गाल फुगवून फुंकलं. मी परत शिकवलं. आईचा आला पंधरा.

आई पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "समद्यांत शिरलंय ते." आणि दाराकडे बघितलं, लिंबाकडे.

मी उठून बाहेर आले. पप्पा ओसरीवर खत उचलायला गाडी येणार म्हणून थांबले होते. ते ओसरीवरच झोपतात, त्या खोलीत पुरुषांना यायचं कारण नसतं. मी काही न सांगता त्यांच्यापुढे यंत्र धरलं. त्यांनीही काही न विचारता फुंकलं. दोन.

मी अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. तोंडातून पहिलं वाक्य निघायलाच वेळ लागला. मग सगळं एकदम सांगितलं, नऊ लिहिलं तेसुद्धा. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "फॉर्मवर धुराला नाही लिहिलंय तुम्ही."

"घरात कोणी ओढत नाही, सर."

"ओढणं नाही विचारलं. चूल, कोळसा, शेगडी. खोलीत काही पेटतं का?"

मी अंगणातून मधल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत होते. इनकम्प्लीट कंबश्चन. शाळेत मी हे पाठ केलं होतं, दोन मार्कांना. कोळसा कोंडलेल्या जागेत जळाला की कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. बरोबर उत्तर लिहून पुरे मार्क घेतले होते. पण ते सगळं इंग्रजीत होतं, कुठल्यातरी लांबच्या देशातल्या बंद गॅरेजमध्ये घडणारं. आमच्या निखाऱ्यांना मी कधी कोळसा म्हटलं नव्हतं आणि धुरीला कधी स्मोक म्हटलं नव्हतं.

"शेक देतात," मी म्हणाले. "बाजेखाली."

"बाळाला बाहेर आणा. आधी बाळाला. मग सगळ्यांना. मग एकशे आठला फोन करा."

मी आत गेले. आई चिमट्यानं निखारे सारखे करत होती.  मी वाकून बाळाला उचललं. त्याची मान माझ्या हातावरून मागे गेली, ओल्या फडक्यासारखी.

"कुठं न्हेतीस?" आई उठली. "डोकं बांधलेलं न्हाय त्याचं. अजून सव्वा महिना झाला न्हाय. अगं ये."

मी गोधडी खांद्यानं ढकलून बाहेर आले. आई मागून ओरडत होती. घरात कधी आवाज न चढवणारी मी तेव्हा वळून मोठ्यानं म्हणाले, "आई, शेगडी मारती आहे त्याला." व्याकरण चुकलं की काय, असा विचार त्याही वेळी आला. कोणी लक्ष दिलं नाही. पप्पा आत धावले होते.

त्यांनी ताईला उचलून ओसरीवर आणून टेकवलं. मग शेगडी तशीच दोन्ही हातांनी धरून अंगणात नेऊन पालथी घातली, हात भाजले तरी. खिडकी उघडली, झरोक्यातलं पोतं ओढून खाली टाकलं.

आई अंगणात उभी होती, चिमटा हातात तसाच. "थोरलीच्या वक्ताला बी हाच शेक घेतलाय म्या," ती म्हणत होती, कोणाला ते कळत नव्हतं. "भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडात. धाकटीच्या वक्ताला ह्याच खोलीत. माझ्या आईनं माळवदात घेतला. काय झालं तवा कुणाला?"

पप्पा हातावर पाणी ओतत म्हणाले, "माळवदाला वर सानं असायचं. धूर जायला भोक. शेडात तर चारी बाजूंनी वारा. धाकटीच्या वक्ताला उन्हाळा, खिडक्या उघड्या." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "ह्या बारीला आपुन सगळंच बंद केलं."

आई खाली बसली.

मी बाळाला उन्हात धरून उभी होते. त्याच्या पापण्या निळसर होत्या. मी त्याच्या तळपायावर टिचकी मारली. काही नाही. परत मारली. त्याचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही, उघडंच राहिलं. ताई ओसरीवरून सरकत सरकत पायरीपर्यंत आली होती आणि हात पुढे करून बसली होती. मी तिसऱ्यांदा जोरात टिचकी मारली, इतकी की मला वाईट वाटलं. तेव्हा त्याचा चेहरा आक्रसला, लाल झाला आणि तो रडला. आधी बारीक, फाटल्यासारखा, मग अंगणाबाहेर जाईल असा. शेजारच्या दोन बाया दारात आल्या. गेल्या आठवड्यात त्याचा असा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता.

सोलापूरला दोघांना ऑक्सिजन लावला. ताईचं रक्त तपासलं. ते थोडं उतरलं होतं, पण भीती होती तितकं नाही. एक पिशवी लावावी लागली. बाळ तिच्या शेजारीच होतं. तिसऱ्या दिवशी मी परत यंत्र पुढे केलं. ताईनं फुंकलं आणि सात आला.

"एवढा माझा," ती म्हणाली. जणू दुसऱ्याचं सामान परत देऊन झालं होतं. मी सात लिहिलं. मागच्या पानावरच्या दोन्ही खोट्या नऊंवर काट मारून खरे आकडे लिहिले आणि ते पान डॉक्टरांना पाठवलं.

ऐकू आलेल्या फुंकण्याबद्दल मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की माणसाला आवाज येतात, कोणीतरी आहे असं वाटतं. ते मला पटलं. आईला आणि मला एकाच वेळी एकच आवाज कसा आला, हे मात्र मी विचारलं नाही.

आठवड्यानं घरी आलो. आता खोलीची खिडकी उघडी असते आणि ताईला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक असतो. तो पुरत नाही. पहाटे तिची हाडं दुखतात, ती सोसते. आई त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

एक दिवस आई माझ्याकडे येऊन म्हणाली, "माझा बघ." तिनं शिकवल्याप्रमाणे श्वास रोखला, डोळे मिटून, आणि शेवटपर्यंत फुंकलं. एक आला.

"अजून एक हाय की."

"तो सगळ्यांत असतो आई. रोज थोड्या पेशी मरतात. नव्या येतात."

"समद्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

तिनं यंत्र माझ्या हातात परत दिलं. मग बाजेकडे बघितलं. "अन् ह्याचा?"

"त्याला फुंकता येत नाही अजून."

टाचेतून घेतलेल्या त्याच्या रक्ताचा अहवाल यायचा होता. त्यात सिकलसेल आहे की नाही ते कळणार होतं, त्या खोलीनं त्याचं काय केलं ते नाही. डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक काही नाही, पण वाढताना लक्ष ठेवू. आईनं ते 'बहुतेक' माझ्याकडून दोनदा समजावून घेतलं होतं.

ती बाळाला घेऊन उघड्या दाराशी जाऊन बसली, थंडीत, मांडीवर गोधडी टाकून. बाळ दूध पिऊन झोपलं. थोडा वेळ गेला आणि तिनं त्याच्या तळपायावर टिचकी मारली. ते दचकून रडलं. ताई आतून म्हणाली, "आई, झोपू दे गं त्याला." आईनं थोपटलं, ते परत झोपलं. पुन्हा थोडा वेळ गेला, पुन्हा टिचकी.

ताई चिडली, मावशी तिला हसली, पण आईची सवय सुटली नाही.  कोणी बघत नसलं की बाजेजवळून जाताना मीही मारते, हळूच, आणि तो तोंड उघडेपर्यंत थांबते.